कानाने कच्ची

आमच्या घरच्या ग्रुपवर आठवडाभर एकच वाद पेटलाय: दादाच्या नातीला कुठल्या माध्यमात घालायचं? बडोद्याच्या दांडिया बाजारात बसून दादा बजावतो, इंग्रजी माध्यमाशिवाय निभाव नाही. निवृत्त शिक्षिका असलेली वहिनी २०२०चं शैक्षणिक धोरण पुढे करते: निदान पाचवीपर्यंत शक्यतो मातृभाषाच. आणि दोघंही दाखला देतात माझा. इंग्रजीच्या जोरावर ही कॅनडाला गेली, म्हणतो दादा. मराठी शाळेत शिकून गेली, म्हणते वहिनी.

खरी हकीकत कोणाच्याच सोयीची नाही. सयाजीराव विद्यापीठातून इंग्रजीत एम.एस्सी. करून मी ब्रॅम्प्टनला आले. नव्याने आलेल्यांसाठी इथे सरकारी खर्चाने इंग्रजीचे वर्ग चालतात. त्याआधी चाचणी होते. ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं, प्रत्येकाची पातळी वेगळी मोजतात, १ ते १२ अशी. मला वाचनात ८, लिहिण्यात ७, बोलण्यात ५ आणि ऐकण्यात ४! नागरिकत्वाला ऐकण्या-बोलण्याचे ४ पुरतात, ही त्यातल्या त्यात समजूत. हलक्या कानाची माणसं आपल्याकडे पुष्कळ. मी कानाने कच्ची निघाले.

दातांच्या दवाखान्यातून फोन आला. मंगळवारचं काहीतरी बोलणं झालं, मी 'थँक यू' म्हटलं आणि मंगळवारी बर्फातून दोन बस बदलून गेले. दार बंद. ती बाई 'कान्ट' म्हणाली होती, मी 'कॅन' ऐकलं. इकडे 'कान्ट'ला 'कॅन्ट' म्हणतात, त्यातला शेवटचा 'ट' गिळतात, आणि साधा 'कॅन' वाक्यात 'क्न' एवढाच उरतो. म्हणजे 'कॅन' ठसठशीत ऐकू आला की समजायचं, नकार आहे. हे कुठल्या व्याकरणाच्या पुस्तकात मी वाचलं नव्हतं, आणि वाचून उपयोगही नव्हता.

वर्गात कामं दिली ती अशी: मूल आजारी आहे असा निरोप शाळेच्या फोनवर ठेवा, हीटर बंद पडल्याचं घरमालकाला कळवा. माझ्या 'काइंडली डू द नीडफुल'वर बाईंनी हसून रेघ मारली आणि विचारलं, नक्की काय करायला हवंय? खरंच, काय ते मी लिहिलंच नव्हतं.

दादाचा मुलगा, म्हणजे त्या पोरीचा बाप, बारा वर्षं इंग्रजी माध्यमात होता. वर्गात सगळं गुजरातीत समजावायचे, उत्तरं इंग्रजीत पाठ. परदेशी जाण्यासाठी द्यायच्या आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेच्या तयारीत तोही ऐकण्यातच अडकला. माध्यम बदललं, कान तोच.

पण आपण बडोदेकर मराठी माणसं गुजराती कुठे शिकलो? खंडेराव मार्केटात भाजीवालीशी घासाघीस करत. लिहिताना माझी आजही फजिती होते, पण भावात कोणी फसवू शकत नाही. इंग्रजीच्या बाबतीत आपण नेमकं उलट केलं: आधी स्पेलिंग, मग व्याकरण, आणि बोलणं राहिलं ते राहिलंच.

वादात बडोद्याचे सयाजीराव महाराजही ओढले जातात. महाराज इलियट या इंग्रज शिक्षकाकडे इंग्रजी शिकले, हे दादाचं. १९०६ साली राज्यभर सक्तीचं प्राथमिक शिक्षण केलं ते लोकांच्या भाषेत, हे वहिनीचं. दोन्ही खरं. पण १८७५ साली कवळाण्याच्या खेड्यातून गादीवर दत्तक आले तेव्हा महाराजांना, त्या बारा वर्षांच्या मुलाला, अक्षरओळखही नव्हती. मराठी मात्र कानात आणि तोंडात पक्की होती; बाकीच्या भाषा त्यावर चढल्या.

म्हणून मी वहिनीच्या बाजूची, पण पूर्ण नाही. मुलाखतीत इंग्रजी अडखळली की काय होतं, ते दादाने आपल्याच मुलाचं पाहिलंय. त्याची भीती उगाच नाही. पोरीला शिकवा मराठीत, पण रोजचं इंग्रजी कानावर पडू दे, चुकतमाकत बोलू दे.

ग्रुपवर एवढंच लिहिलं: दर रविवारी पंधरा मिनिटं तिला माझ्याकडे द्या, फोनवर, फक्त इंग्रजीत. मराठीला वहिनी आहेच. दादाने अंगठा पाठवलाय. तो होकाराचा की आपला मराठी अंगठा, हे अजून कळलेलं नाही.