चपलेबाबत तुमचं बरोबर, मळमळीबाबत जरा थांबा

नमस्कार सिस्टर,

चपलेपासूनच सुरुवात करते, कारण तुमच्या प्रतिक्रियेतला तोच भाग जास्त लागला. तळपायाच्या ॲक्युप्रेशर पॉइंट्सवरच्या (म्हणजे दाबून उपचार करायच्या जागांवरच्या) लेखात मी लिहिलं होतं, की मधुमेह असणाऱ्यांनी रोज अर्धा तास काट्यांची चप्पल घालून घरात फिरावं, स्वादुपिंडाचा पॉइंट दाबला जातो आणि साखर आटोक्यात येते. त्यावर तुम्ही लिहिलंत: "मी सर्जिकल वॉर्डात सिस्टर आहे. ज्यांना तुम्ही या चपला घालायला सांगताय, त्यांच्या पायांचं ड्रेसिंग मी करते. पाच हजार वर्षांचं भारतीय शास्त्र ही थाप आहे आणि बाकी सगळा मनाचा खेळ. आजीने कपाळावर हात ठेवला तरी बरं वाटतं. मग तिच्यात आणि तुमच्यात फरक काय?"

तो परिच्छेद काल रात्री काढून टाकला. गुपचूप नाही, का काढला तेही तिथेच लिहिलंय.

पण तुमचं वाचून मला क्लासमधला एक दिवस आठवला, तो सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. मी ॲक्युप्रेशर ठाण्यात शिकले, सहा महिन्यांचा कोर्स होता. एका रविवारी सर प्रत्येकाच्या तळव्यावर जिमी दाबून दाखवत होते. (वाचकांसाठी: जिमी म्हणजे टोकं काढलेली बोटभर लाकडी दांडी, प्रदर्शनात रोलर आणि पिरॅमिडच्या मॅटशेजारी मिळते ती.) सूत्र एकच, जिथे दुखतं तिथे बिघाड. जो तो "आई गं" करत होता. आमच्यात वीस वर्षांचा मधुमेह असलेले एक काका होते. त्यांचा नंबर आला. सरांनी दाबलं, आणखी दाबलं. काका म्हणाले, "मला तर काहीच लागत नाही." सर आमच्याकडे वळून म्हणाले, "बघा! इतका जुना मधुमेह, पण पाय कसे ठणठणीत." आम्ही टाळ्या वाजवल्या. टाळी हेही ॲक्युप्रेशरच असं आदल्याच आठवड्यात शिकलो होतो, त्यामुळे जरा जोरातच वाजवल्या.

काकांच्या तळव्यावर जिमीचे लालसर वळ उठले होते आणि ते शांतपणे मोजे चढवत होते. त्या पायांना काही कळतच नाहीये, हे खोलीतल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की पायाच्या नसा बधिर होतात, चपलेचा काटा टोचला तरी निरोप वर जात नाही, फोड येतो, फुटतो, आणि मोज्याला डाग दिसेपर्यंत घरात कुणाला पत्ता नसतो. पुढचं तुम्ही रोज बघता. म्हणजे ज्याला चप्पल टोचत नाही त्यानेच ती घालू नये, आणि आम्ही नेमकं त्यालाच शाबासकी देत होतो. मधुमेह बरा करण्याची जाहिरात करायला आपल्याकडे १९५४च्या कायद्याने बंदी आहे. मी जाहिरात केली नव्हती, पण 'साखर आटोक्यात येते' हे वाक्य त्याच जातीचं होतं.

आता 'पाच हजार वर्षांचं भारतीय शास्त्र' हा माझ्या लेखातला दावा. इथेही माघार, पण ही माघार घेताना मजा आली, कारण चार दिवस नीट वाचन झालं.

माझ्या लेखात जो तळपायाचा रंगीत नकाशा होता (अंगठ्यात मेंदू, टाचेत ओटीपोट), तो प्राचीन नाही आणि भारतीयही नाही. विल्यम फिट्झजेराल्ड नावाच्या अमेरिकन कान-नाक-घसा डॉक्टरांनी शंभरेक वर्षांपूर्वी शरीराचे दहा उभे पट्टे कल्पिले. युनिस इंगहॅम या फिजिओथेरपी करणाऱ्या बाईंनी १९३०च्या दशकात ते तळपायावर उतरवून एकेका अवयवाला जागा नेमून दिली. त्यांचं पुस्तक १९३८चं. कानाचा नकाशा फ्रान्समधल्या लियोंच्या पॉल नोजिए यांचा, १९५०च्या दशकातला. तळहाताला मेथीचे दाणे चिकटवतात ते सुजोक तर त्याहून अलीकडचं, कोरियाच्या पार्क जे-वू यांचं. खरं जुनं म्हणावं ते चिनी. 'हुआंगदी नेजिंग' हा ग्रंथ दोन हजार वर्षांपूर्वीचा, आणि त्या परंपरेतले ३६१ बिंदू आजही मोजले जातात. त्यात टाचेत ओटीपोट वगैरे काही नाही. क्लासमध्ये या सगळ्यांची एकच भेळ करून दिली होती आणि वर 'आपल्या ऋषीमुनींनी' अशी कोथिंबीर भुरभुरली होती.

मग सुश्रुताची मर्मं, म्हणजे शरीरातल्या नाजूक जागा? लेखात मी त्यांचाही दाखला दिला होता. सुश्रुतसंहितेतल्या शारीरस्थान या भागाचा सहावा अध्याय आता मुळातून वाचला. मर्मं १०७ आहेत हे खरं. पण सुश्रुत ती दाबायला सांगत नाही. तिथे इजा झाली तर काय होतं ते सांगतो. १९ मर्मं अशी की घाव लागला की तत्काळ मरण, ३३ अशी की काही काळाने मरण, ४४ अशी की कायमचं व्यंग. शल्यविशारदाने शस्त्र कुठे जपून चालवावं, त्याची ही यादी. अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यातल्या मर्माला तो 'क्षिप्र' म्हणतो आणि तिथे जखम झाली तर झटके येऊन मरण येतं असं बजावतो. नेमकी तीच जागा चिनी पद्धतीत 'हेगू', डोकेदुखीला दाबायची. मी दोन्ही एकाच वाक्यात कोंबून 'आपल्याकडेही हेच सांगितलंय' असं लिहून मोकळी झाले होते! जोडव्यांमुळे गर्भाशय निरोगी राहतं हे वाक्यही त्याच झाडूने काढलंय. जोडवी सुंदर दिसतात, तेवढं पुरे.

जाता जाता एक, कारण हे मला ठाऊक नव्हतं. १९३८ साली आपले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस ज्या पथकातून चीनला गेले, त्याच पथकातले डॉ. बिजॉयकुमार बसू पुढे चीनमध्ये ॲक्युपंक्चर (याच बिंदूंवर सुया टोचण्याची पद्धत) शिकून आले आणि त्यांनी ते कोलकात्यात सुरू केलं.

इथवर तुमचंच राज्य. पण 'बाकी सगळा मनाचा खेळ' यावर मी थोडी अडून बसणार आहे.

मनगटाच्या आतल्या घडीपासून आपल्याच हाताची तीन बोटं मोजायची, दोन शिरांसारख्या कंडरा लागतात त्यांच्या मधोमध 'नेगुआन' बिंदू. ऑपरेशननंतरच्या मळमळीसाठी तो अभ्यासला गेलाय. कोक्रेन (वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणारी संस्था) हिच्या २०१५च्या आढाव्यात ५९ चाचण्या आणि ७,६६७ रुग्ण होते. कुठे सुई, कुठे पट्टा, कुठे विजेचं यंत्र. खोट्या उपचारापेक्षा खऱ्या बिंदूवर मळमळ आणि उलट्या कमी आढळल्या. पुराव्याची प्रत कमी आहे असंही त्याच आढाव्यात म्हटलंय, कारण चाचण्यांमध्ये दोष होते. गर्भारपणातल्या उलट्यांबाबत तर एवढंही ठामपणे म्हणता येत नाही. तरी 'शून्य' आणि 'थोडंसं, बहुधा' यात फरक आहे.

माझा स्वतःचा पुरावा सांगते, तो याहूनही कच्चा आहे. रत्नागिरी-कोल्हापूर एसटीत भाचीला साखरप्यापासून मळमळायला लागलं. आंबा घाटात तिचं मनगट धरून बसले, मलकापूरला ती झोपली होती. ही गोष्ट मी दहा जणांना सांगितली असेल. मात्र त्याआधी कंडक्टरला सांगून तिला पुढच्या सीटवर नेलं होतं, खिडकी उघडली होती आणि तोंडात आवळासुपारी दिली होती, हे सांगताना दर वेळी गळायचं. शिवाय मलकापूरला घाट संपलेला असतो.

दुखण्याचंही तसंच. गुडघा आपटला की आपण आधी चोळतो. दाबाची संवेदना मज्जारज्जूतच वेदनेची वाट अडवते, असा सिद्धान्त मेलझॅक आणि वॉल यांनी १९६५ साली मांडला. त्याला ना मेरिडियन (चिनी पद्धतीतल्या शरीरातल्या ऊर्जेच्या कल्पित वाटा) लागतो ना नकाशा. तुमच्याच प्रसूतिकक्षात कळा येताना बाईच्या कमरेवर तळव्याने दाबून धरतात ना? त्याला कुणी थोतांड म्हणत नाही, कारण 'याने बाळंतपण होतं' असा दावा कुणी करत नाही. मान आखडली, कंबर धरली, डोकं जड झालं, तर दाबून घ्यावं. पोटरी एकाएकी सुजून दुखत असेल तर मुळीच दाबू नये, आत रक्ताची गुठळी असू शकते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जोर नको. गर्भवतींना हेगू दाबू नये हे तर परंपराच सांगते. आणि छातीत कळ आली की करंगळी दाबा असा जो मेसेज फिरतो, त्यावर माझं उत्तर एकच: १०८ लावा.

आजीत आणि माझ्यात फरक काय, म्हणालात. आजी नकाशा लावून बसत नाही आणि ताप उतरला नाही तर डॉक्टरकडे न्यायला सांगते. हा फरक माझ्या विरोधात जातो, ठाऊक आहे.

एक विनंती. मंगळवारी सोसायटीच्या हॉलमध्ये मी फुकट शिकवते, बहुतेक जण साठीच्या पुढचे. पायाची संवेदना तपासायची ती नायलॉनच्या तंतूची चाचणी असते, आणि घरच्या घरी रोज तळवा कसा बघावा (आरसा धरून म्हणतात ते), हे चार ओळींत लिहून द्याल का? लेखाच्या सगळ्यात वर लावीन. तुमच्या नावाने किंवा नावाशिवाय, म्हणाल तसं.

आणि ते काका. त्यांचा नंबर माझ्याकडे नाही. क्लासच्या जुन्या ग्रुपवर परवा मेसेज टाकलाय, त्यांना कुणी तरी सांगा, चप्पल बंद करा, पाय डॉक्टरांना दाखवा. आतापर्यंत चौघांनी हात जोडलेत, उत्तर कुणाचंच नाही. आज सरांनाच फोन करते.