यूशिवायच्या क्यूची यादी : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

'क्यू' आहे पण 'यू' नाही अशा इंग्रजी शब्दांची जी यादी मी स्क्रॅबल (अक्षरांच्या टाइल पटावर जोडून शब्द लावण्याचा खेळ) खेळणाऱ्यांसाठी दिली होती, तिच्यावर आपण तीन आक्षेप घेतले आहेत. अर्थ न देता शब्द देणे ही निव्वळ घोकंपट्टी आहे, त्यांतले निम्मे शब्द मुळात इंग्रजी नाहीतच, आणि अशा याद्यांमुळे भाषेचा खेळ स्मरणशक्तीची कसरत होऊन बसतो, असे आपले म्हणणे आहे. आपण विचारपूर्वक लिहिले आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो.

शब्दकोश पहिल्या अक्षरावरून लावलेला असतो. ज्याला शब्द ठाऊक आहे आणि अर्थ हवा आहे त्याच्यासाठी ती रचना उत्तम आहे. खेळाडूची गरज मात्र नेमकी उलटी असते. त्याच्यापुढे सात अक्षरे विस्कटून पडलेली असतात आणि त्यांतून कोणता शब्द उभा राहतो हे त्याला शोधायचे असते. 'फकीर' कोशात एफमध्ये, 'निकाब' एनमध्ये आणि 'तलाक' टीमध्ये सापडेल. या तिन्हींच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये क्यू आहे आणि यू नाही, ही गोष्ट कोश कितीही चाळला तरी एका नजरेत दिसणार नाही. सामाईक अक्षरांवरून केलेली यादी ती दाखवते, आणि तिचे काम तेवढेच आहे. स्क्रॅबलच्या १०० टाइलमध्ये क्यू एकच असतो आणि त्याला १० गुण असतात. यू चार असतात. डाव संपताना क्यू हातात अडकला, तर आपले १० गुण कमी होतात आणि ज्याने आधी सर्व टाइल संपवल्या त्याचे १० वाढतात, म्हणजे एका अक्षरापायी २० गुणांचा फरक पडतो. अशा वेळी 'क्यू-आय' हा प्राणशक्ती या अर्थाचा दोन अक्षरी शब्द माहीत असणे हा पुष्कळदा जय आणि पराजय यांतला फरक ठरतो.

दुसऱ्या आक्षेपावर मला अधिक सांगायचे आहे, कारण तिथे आपण भाषेच्या इतिहासाकडे बोट दाखवले आहे. क्यूच्या पाठोपाठ यू लिहिण्याची रीतच मुळी इंग्रजीची स्वतःची नाही. जुन्या इंग्रजीत राणीसाठीचा शब्द 'सी-डब्ल्यू-ई-एन' असा लिहीत. १०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंच वळणाच्या लेखनिकांनी सी-डब्ल्यूच्या जागी क्यू-यू रूढ केले आणि आजचे 'क्वीन' तयार झाले. परकेपणा हा निकष लावायचा तर आधी 'क्वीन'चे स्पेलिंगच बाद करावे लागेल. आपण ज्यांना परके म्हणता त्या शब्दांतही एक शिस्त आहे. 'फकीर', 'निकाब', 'तलाक' यांतला क्यू अरबी 'क़ाफ' (ق) या अक्षरासाठी आला आहे. 'क्यू-आय' चिनीतून आला असून चिनीच्या रोमन लेखनपद्धतीत क्यू हे अक्षर चकाराजवळच्या ध्वनीसाठी वापरतात. 'क्वर्टी' तर टंकलेखन यंत्राच्या कळांच्या रांगेतूनच जन्मला. एका अक्षराच्या धाग्याने शब्द एकत्र आणले की ते कोणत्या वाटेने इंग्रजीत आले हेही दिसू लागते, आणि म्हणूनच अशा याद्या मला मनापासून आवडतात. ए, ई, आय, ओ, यू यांपैकी एकही अक्षर नसलेल्या शब्दांची यादी केली की 'सी-डब्ल्यू-एम' आणि 'सी-आर-डब्ल्यू-टी-एच' हे वेल्श भाषेतून आलेले शब्द शेजारी येतात, आणि वेल्शमध्ये डब्ल्यू हा स्वर आहे हे आपोआप समजते.

आता स्मरणशक्तीविषयी. आपल्या बाजूचा सर्वांत मोठा दाखला मीच देतो. न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स यांना फ्रेंच बोलता येत नसताना त्यांनी २०१५ मध्ये फ्रेंच स्क्रॅबलचे जागतिक विजेतेपद मिळवले. शब्दांचे अर्थ ठाऊक नसतानाही हा खेळ सर्वोच्च पातळीवर खेळता येतो, हे यातून नि:संशय सिद्ध होते. मात्र केवळ पाठांतराने ते जिंकले असे मला वाटत नाही. कोणता शब्द लावायचा, पुढच्या खेळीसाठी कोणती अक्षरे राखायची आणि प्रतिस्पर्ध्यासाठी पटावरची कोणती जागा मोकळी सोडायची नाही, हे निर्णय कोणतीही यादी घेऊन देत नाही.

यादी विचाराला कशी उपयोगी पडते याचे उदाहरण वर्डलमध्ये, म्हणजे पाच अक्षरी इंग्रजी शब्द सहा संधींत ओळखण्याच्या खेळात, फार चांगले मिळते. समजा आपण 'नाइट' हा रात्रीचा शब्द लावला आणि पहिले अक्षर सोडून बाकीची चारही जागेवर बरोबर निघाली. आता 'एट' (आठ), 'फाइट', 'लाइट', 'माइट', 'राइट', 'साइट' आणि 'टाइट' असे सात नेहमीचे शब्द उरतात. ते एकेक करून लावत बसणाऱ्याच्या संधी संपून जाऊ शकतात. ज्याच्या मनात ही सातांची रांग तयार आहे, तो मुद्दाम 'फिल्म्स' लावतो, कारण त्यात एफ, एल, एम आणि एस ही चार अक्षरे एकदम तपासली जातात. चारही चुकली तरी तीनच शब्द शिल्लक राहतात. वर्डलच्या कठीण पद्धतीत ('हार्ड मोड') मिळालेली अक्षरे पुढे वापरणे सक्तीचे असल्याने ही युक्ती चालत नाही, म्हणून तिथे अशी रांग समोर दिसू लागताच आधीच सावध व्हावे लागते.

अर्थ द्यावेत ही आपली सूचना मी पूर्णपणे स्वीकारत नाही, कारण प्रत्येक शब्दापुढे दोन ओळी आल्या की यादी एका दृष्टिक्षेपात वाचता येत नाही. शब्दाची जात मात्र खेळाडूला खरोखर उपयोगी पडते. 'क्यू-आय' हे नाम असल्याने त्याला एस जोडता येतो. 'एन-टी-एच' (म्हणजे 'एन-वा') हे विशेषण असल्याने जोडता येत नाही. त्यामुळे यापुढच्या याद्यांत प्रत्येक शब्दासमोर तो नाम, क्रियापद, विशेषण की उद्गार आहे हे लिहीन आणि ज्यांना एस लागतो त्यांवर खूण करीन. पहिली यादी झेड असलेल्या तीन अक्षरी शब्दांची असेल.