डबलबारीच्या कॅसेटी ॲपवर का नाहीत?

१९५०-६० मधली भावगीतं आज मोबाइलवर बोट लावताच वाजतात. पण १९८५ ते २००० च्या काळात गणपतीच्या आधी कणकवली, कुडाळ, सावंतवाडीच्या बाजारात हातोहात खपलेल्या डबलबारीच्या (दोन भजनी बुवांचा सामना), शक्ती-तुऱ्याच्या (दोन शाहिरांचा सामना), मालवणी गाण्यांच्या कॅसेटी? त्यातल्या बहुतेक कुठल्याच म्युझिक ॲपवर नाहीत. म्हणजे 'जुनं झालं म्हणून गेलं' हे कारण खरं नाही. 'ऐकतो कोण आता' हे तर मला अजिबात पटत नाही. कुणी घरातल्या कॅसेटवरची खरखरीत बारी यूट्यूबवर टाकली, तर खाली लगेच विचारणा होते, दुसरी बाजू आहे का?

भावगीतं टिकली कारण त्यांना मालक होता. एचएमव्हीच्या तबकड्यांचा संग्रह एका कंपनीकडे राहिला, २००० साली तिची सारेगामा झाली आणि पुढे तीच गाणी कारवाँ नावाच्या रेडिओसारख्या पेटीत घालून पुन्हा विकली गेली. आपल्या कॅसेटी काढणाऱ्या कितीतरी छोट्या कंपन्या मात्र सीडी आणि एमपीथ्रीच्या लाटेत बंद पडल्या. गाणं ॲपवर चढवायचं तर 'हे ध्वनिमुद्रण माझ्या मालकीचं आहे' असं कुणीतरी ॲपला गाणी पुरवणाऱ्या वितरकाला लिहून द्यावं लागतं. ते द्यायचं कोणी? बुवांना एकरकमी बिदागी मिळालेली, करार असलाच तर कॅसेटपुरता. कंपनीचा मालक वारला, मुलं दुसऱ्या धंद्यात. कोकणातल्या सामाईक सातबाऱ्यासारखी गत आहे, वारस ढीगभर, निम्मे मुंबईत, आणि सहीला कोणीच सापडत नाही.

त्यात चालींची भानगड. आपल्याकडे गजर, गौळण, जाखडी नाचातलं गाणं गाजलेल्या सिनेमाच्या चालीवर बांधायची जुनी रीत आहे. बारीला तीच चाल लागली की मांडव डोक्यावर घेतात. पण चालीचे हक्क दुसऱ्याचे. देवळासमोर कुणी विचारत नाही, ॲपवर मात्र परवानगीचा कागद लागतो. चांगल्यातली चांगली गाणी इथेच अडकतात.

आपल्या कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. १९८८ ची कॅसेट मोकळी होणार १ जानेवारी २०४९ ला. शब्द आणि चाल यांचा हक्क तर त्या माणसाच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं. आपल्या दमट हवेत कॅसेट तोवर टिकेल? आताच कितीतरी कॅसेटींच्या फितीच्या कडेला पांढरी बुरशी धरलेली दिसते. ती तशीच प्लेअरमध्ये घातली तर फीतही जाते आणि हेडही.

मालक सापडत नसेल तर परवाना मागायची सोय कायद्यात आहे, कलम ३१-अ. २०१२ च्या दुरुस्तीनंतर ती प्रकाशित कृतींनाही लागू झाली. पण त्यासाठी आधी देशभर खपणाऱ्या इंग्रजी दैनिकात जाहिरात द्यायची आणि मग, २०२१ पासून, थेट उच्च न्यायालयात अर्ज करायचा. तळकोकणातल्या भजनी मंडळाने हे करायचं? मला हा सरळ अन्याय वाटतो. अशा स्थानिक ध्वनिमुद्रणांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी साधा अर्ज आणि मराठी पेपरातली नोटीस पुरेशी असली पाहिजे. हक्कदार पुढे आला तर त्याला मिळावेत म्हणून पैसे जमा ठेवायची तरतूद कायद्यात आहेच, ती तशीच ठेवा.

तोपर्यंत एक विनंती. घरात कॅसेटी असतील तर आतल्या कागदाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा. कंपनीचं नाव, पत्ता, साल तिथेच असतं. पखवाजाला, झांजेला, कोरसला कोण होतं हे बऱ्याचदा छापलेलंच नसतं, ते जाणत्यांना विचारून लिहा. आणि गाणारे बुवा, शाहीर हयात असतील तर त्यांच्याकडून संमतीची दोन ओळींची चिठ्ठी सहीनिशी आत्ताच घ्या. तेवढ्याने गाणं ॲपवर जाणार नाही, पण उद्या परवान्यासाठी कुणी उभा राहिला तर त्याच्या हातात निदान ती चिठ्ठी असेल.