इनसोलसाठी एक नंबर मोठे शूज घेऊ नका

सध्या पळणाऱ्या लोकांमध्ये एक मेसेज फिरतोय, की पाय फ्लॅट असतील, म्हणजे तळपायाला कमान कमी असेल, तर ऑर्थोटिक इनसोल (शूजच्या आत घालायचं, पायाला आधार देणारं कडक सोल) घ्या, त्यासोबत सगळ्यात जास्त सपोर्टवाले शूज घ्या, एक नंबर मोठे घ्या, आतलं मूळचं इनसोल काढू नका आणि पहिल्या दिवसापासून पळा. मी चार वर्षं ऑर्थोटिक घालून पळतोय, आणि हे वाचून खरंच काळजी वाटली.

पहिलं म्हणजे फ्लॅट फूट असलं म्हणजे इनसोल लागतंच असं नाही. काही दुखत नसेल तर कशाला घालायचं?

आता साइज. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. इनसोल जागा खातं ती उंचीत, लांबीत नाही, पाय वर उचलला जातो म्हणून लेसखाली दाटतं आणि टाच मागून निसटायला लागते. मोठा नंबर घेतला की फक्त पुढची जागा वाढते आणि पाय आत सरकत राहतो. मी हे करून बसलोय, साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनला यवतेश्वरचा घाट उतरताना प्रत्येक पावलाला बोटं पुढे आदळत होती, घरी येऊन मोजे काढले तर दोन्ही अंगठ्यांची नखं काळीनिळी. लांबी नेहमीचीच ठेवा, उभं राहिल्यावर अंगठ्यापुढे बोटभर जागा पुरे. दाटत असेल तर त्याच नंबरात रुंद घ्या, म्हणजे 2ई किंवा 4ई, आणि टाचेचा कप, म्हणजे शूजचा टाच बसते तो मागचा भाग, खोल आहे का बघा.

मूळचं इनसोल काढायचंच, निदान पूर्ण लांबीचं ऑर्थोटिक असेल तर. दोन थर झाले की टाच अजून वर येते आणि खालच्या मऊ फोमवर कडक इनसोल डुलत राहतं. काही शूजमध्ये ते चिकटवलेलं असतं, दुकानातच ओढून बघा. छोटं, पाऊण लांबीचं असेल तर ज्यांनी बनवलंय त्यांनाच विचारा.

आणि सपोर्ट. पाय आत कलतो तो सावरायचं काम इनसोल करतंच आहे ना, मग शूजनी पण आतून ढकललं तर वजन बाहेरच्या कडेवर जाऊ शकतं. म्हणून बहुतेकांना न्यूट्रल शूज, म्हणजे आतून असा जादा सपोर्ट नसलेले, बरे पडतात, उदाहरणार्थ असिक्सचे कयानो घेण्याऐवजी निंबस, ब्रूक्सचे अ‍ॅड्रेनालिन घेण्याऐवजी घोस्ट. फिजिओनी मुद्दाम दुसरं सांगितलं असेल तर त्यांचं ऐका. अमेरिकन सैन्यात 2009-10 च्या सुमारास तळपायाच्या कमानीचा आकार बघून शूज देऊन पाहिले होते, त्यानी इंज्युरी काही कमी झाल्या नाहीत.

पहिल्या दिवसापासून पळणं तर नकोच. आधी घरात तासभर घाला, मग रोज थोडं वाढवा, दिवसभर घालून काही टोचत नाही असं झालं की छोटे रन.

दुकानात संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. इनसोल आणि पळायचे मोजे सोबत न्या, शूजच्या सगळ्यात वरच्या जादा भोकातून लेस ओवून घट्ट बांधा आणि थोडं पळून बघा. तरीही टाच उचलली जात असेल तर ते शूज तिथेच ठेवून या.