पिशव्या चौदा, वापरात एक
नळ बंद ठेवणे, दिवे मालवणे, कापडी पिशवी नेणे, पर्यावरण जपण्याच्या रोजच्या सवयींवरच्या लेखातल्या या तिन्ही गोष्टी पटल्या. पिशवीबद्दल मात्र थोडी भर घालतो. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं निघालं होतं की, सुती पिशवी किमान १३१ वेळा वापरली, तरच हवामानबदलाच्या हिशोबात ती एकदाच वापरून टाकलेल्या पातळ प्लॅस्टिक पिशवीच्या बरोबरीला येते. कापूस पिकवण्यापासून कापड विणण्यापर्यंत बरंच पाणी आणि वीज खर्ची पडते ना! हे वाचून घरातल्या पिशव्या मोजल्या, तर चौदा निघाल्या. बहुतेक फुकट मिळालेल्या, कोऱ्या करकरीत. (कचरा आणि तुंबणारी गटारं बघता कापडीच बरी, यात वाद नाही.) आता नवीन घेणं बंद केलंय. एक पिशवी दाराजवळच्या खुंटीला टांगली, तेव्हापासून विसरायचंही कमी झालं.

लेखात उरलेल्या अन्नाचा विषय यायला हवा होता. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगभरात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, आणि त्यातलं ६० टक्के घराघरांतून! कचऱ्याच्या ढिगाखाली ते हवेशिवाय कुजतं आणि पृथ्वीचं तापमान वाढवणारा मिथेन वायू तयार होतो. आम्ही फ्रिजचा एक कप्पा 'आधी हे संपवा' म्हणून ठेवलाय. मुलं नाक मुरडतात, पण कप्पा रिकामा होतो.

दिव्यांचं म्हणाल तर एलईडी आठ-दहा वॅटचा. त्यावरून घरात भांडण्यापेक्षा आधी दोन हजार वॅटच्या गिझरकडे बघा.