तेराचं वर्ष आणि रद्द केलेली बायोप्सी

मावशीच्या स्तनात गाठ लागली. डॉक्टरांनी बायोप्सी करायला सांगितली, तारीख ठरली, आणि आदल्या संध्याकाळी तिने परस्पर फोन करून ती रद्द केली. घरात कुणाला कळू दिलं नाही. तीन आठवड्यांनी मी खनपटीला बसले तेव्हा म्हणाली, "अगं, माझं वर्ष तेराचं चालू आहे. वाढदिवस होऊन जाऊ दे, मग बघू." वाढदिवसाला पाच महिने होते. मग तिने मला तो मेसेज दाखवला. त्याच आठवड्यात तो माझ्याकडे आणखी दोन ग्रुपवरून आला होता आणि मी न वाचताच पुढे सरकले होते. त्याची मला आता लाज वाटते.

मेसेज लांबलचक आहे. मथितार्थ असा: अंकशास्त्र आणि टॅरो (भविष्य सांगायला वापरतात ते चित्रांचे पत्ते) ही पाच हजार वर्षांपूर्वीच्या इजिप्तमधली जुळी शास्त्रं, आणि पायथागोरसने ती तिथूनच आणली. जन्मतारखेची बेरीज केली की आपला टॅरोचा पत्ता निघतो. दोन्ही शास्त्रं एकच उत्तर देतात, म्हणून ते उत्तर पक्कं. नावाचं स्पेलिंग बदललं की पत्ताही बदलतो. ज्यांचा 'वर्षाचा पत्ता' १३, म्हणजे डेथ, येतो त्यांनी पुढच्या वाढदिवसापर्यंत अंगाला शस्त्र लावून घ्यायचं नाही. हे सगळं स्पंदनांचं विज्ञान आहे आणि युंग या मानसशास्त्रज्ञाने ते सिद्ध केलं आहे. पटत नसेल तर स्वतः अनुभव घेऊन पाहा.

शस्त्राचा मुद्दा आधी घेते. बाकीचे थांबू शकतात.

वर्षाचा पत्ता काढायची रीत मेसेजमध्येच दिली आहे. जन्माचा दिवस, जन्माचा महिना आणि चालू वर्ष यांची बेरीज करायची, आलेल्या संख्येतले आकडे पुन्हा मिळवायचे, २२ किंवा त्याहून लहान संख्या येईपर्यंत. यात जन्माचं वर्ष कुठेच येत नाही. म्हणजे १५ जुलैला जन्मलेलं दोन वर्षांचं मूल आणि १५ जुलैलाच जन्मलेले ऐंशी वर्षांचे आजोबा, दोघांचा पत्ता एकच. २०२५ साठी तो काढून पाहा: १५ + ७ + २०२५ = २०४७, आणि २ + ० + ४ + ७ = १३. डेथ.

मी अख्खं कॅलेंडर घेऊन बसले. २०२५ मध्ये ज्यांच्या दिवस-महिन्याची बेरीज ४, १३, २२, ३१ किंवा ४० येते त्या सगळ्यांना १३ मिळतो. २९ फेब्रुवारी धरून अशा ४२ तारखा आहेत. ३६६ पैकी ४२ म्हणजे साधारण दर नऊ माणसांमागे एक. जगात आठशे कोटींहून जास्त माणसं आहेत. त्यातल्या नव्वद कोटींनी वर्षभर अपेंडिक्स काढायचं नाही, अडलेल्या बाळंतपणात सिझेरियन करायचं नाही, गाठ तपासायची नाही, असं हा मेसेज सांगतो. लिहिणाऱ्याने ही आकडेमोड एकदा तरी स्वतः करून पाहिली होती का?

आता तीच १५ जुलै दुसऱ्या रीतीने घ्या. अनेक अंकशास्त्री पूर्ण संख्या मिळवत नाहीत, सुटे आकडे मिळवतात: १ + ५ + ७ + २ + ० + २ + ५ = २२. बावीस हा बऱ्याच टॅरो वाचकांच्या हिशेबात 'फूल' (इंग्रजी Fool, म्हणजे वेडा), नव्या प्रवासाला निघालेला माणूस. एकाच माणसाला, एकाच वर्षी, एक बेरीज मरणाचं चित्र दाखवते आणि दुसरी नव्या वाटेचं. दोन्ही रीती शिकवल्या जातात, आणि त्यातली खरी कुठली हे ठरवायला कसलाही निकष नाही.

हे असं का होतं, त्यातच या जोडणीचं बिंग आहे. आकड्यांची बेरीज केल्याने संख्येला ९ ने भागून उरणारी बाकी बदलत नाही, हे आपण शाळेत शिकलो. म्हणून बेरीज एका आकड्यापर्यंत नेली की दोन्ही रीतींनी उत्तर एकच येतं, इथे ४. अंकशास्त्राकडे सुसंगती म्हणावी अशी ही एवढीच गोष्ट होती. टॅरोच्या २२ मुख्य पत्त्यांना जागा करून द्यायची म्हणून बेरीज मध्येच थांबवली की तीही मोडते. जोडणीने खात्री दुप्पट होते हा मेसेजचा दावा आहे. प्रत्यक्षात तिने होती ती सुसंगतीही घालवली.

बरं, टॅरो शिकवणारी बहुतेक पुस्तकं स्पष्ट सांगतात की डेथचा पत्ता म्हणजे शारीरिक मृत्यू नव्हे, एका टप्प्याचा शेवट. म्हणजे ज्या विद्येचा हवाला दिला तीही या माणसाने नीट वाचलेली नाही, आणि तिच्या जोरावर आजारी माणसांना सल्ला दिला आहे.

उशिराची किंमत काय असते ते मोजलेलं आहे. २०२० मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक मोठा आढावा आला. ३४ अभ्यास, बारा लाखांहून जास्त रुग्ण, सात प्रकारचे कर्करोग. शस्त्रक्रियेला दर चार आठवडे उशीर झाला की मृत्यूचा धोका साधारण ६ ते ८ टक्क्यांनी वाढलेला दिसला. हे आकडे निदान झाल्यानंतरच्या उपचारांतल्या उशिराचे आहेत, बायोप्सीचे नाहीत, आणि स्तनातल्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, हेही खरं. पण गाठ कसली आहे हे कळण्याचा रस्ता बायोप्सीतूनच जातो. ती पाच महिने लांबवली तर पुढचं सगळं पाच महिने लांबतं.

आता इजिप्त. टॅरोचे पत्ते १४४०च्या सुमारास उत्तर इटलीत आले, आणि ते खेळायला. चार रंगांच्या नेहमीच्या पत्त्यांत हुकमाचे २२ चित्रपत्ते घातले, तो ७८ पत्त्यांचा खेळ. फ्रान्समध्ये तो आजही खेळतात, आणि ऑस्ट्रियात त्याचा कमी पत्त्यांचा प्रकार. इजिप्तची गोष्ट आंत्वान कूर द जेबलँ या फ्रेंच गृहस्थाने १७८१ मध्ये छापली. तेव्हा जगात कुणालाच इजिप्तची चित्रलिपी वाचता येत नव्हती. शांपोलियों या फ्रेंच अभ्यासकाने ती उलगडली १८२२ मध्ये, आणि जेबलँची गोष्ट तिथे कुठेही सापडली नाही. ऑक्सफर्डचे तर्कशास्त्राचे प्राध्यापक मायकल डमेट यांनी १९८० मध्ये टॅरोच्या खेळाचा जाडजूड इतिहास लिहिला. त्यांनी कागदपत्रांनिशी दाखवलं की टॅरो पहिली काही शतकं खेळच होता, आणि त्यावरून भविष्य सांगण्याची पद्धत रुजली ती अठराव्या शतकात. पाच हजार वर्षं कुठून आणली? पायथागोरसचंही तेच. त्याने स्वतः लिहिलेली एक ओळ आज उपलब्ध नाही. तो इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातला. ज्या सनाने आपण जन्मवर्ष मोजतो तो सन त्याच्यानंतर हजारेक वर्षांनी, ५२५ मध्ये मांडला गेला, आणि आपलं ग्रेगोरियन कॅलेंडर १५८२ चं. मग तुमच्या जन्मतारखेची बेरीज कशी करायची हे त्याने सांगितलं असेल कसं?

'दोन शास्त्रं एकच उत्तर देतात' हे वाक्य मावशीला सगळ्यात जास्त पटलं होतं, म्हणून त्यावर थोडं थांबते. जन्मतारखेवरून आकडा काढला आणि त्याच आकड्याचा पत्ता उचलला, तर दोन्हींचं जुळणारच. घड्याळ आरशात पाहून 'दोन घड्याळांत एकच वेळ दिसते' असं म्हणण्यासारखं ते आहे. यात दुसरा साक्षीदार कुठेच नाही.

काही जण पत्ते पिसून काढतात आणि मग ते तुमच्या आकड्याशी जुळले की चकित करतात. त्याचंही गणित मांडता येतं. समजा तुमचा आकडा ४. मग एम्परर (४), डेथ (१ + ३), बावीसवा धरला तर फूल (२ + २), आणि चार रंगांच्या चार चौक्या, असे ७८ पैकी सात पत्ते 'जुळतात'. तीन पत्ते काढले तर त्यात यांपैकी किमान एक असण्याची शक्यता जवळजवळ पंचवीस टक्के. दहा पत्त्यांच्या मांडणीत तीच साठ टक्क्यांच्या वर जाते. दहापैकी सहा लोकांच्या बाबतीत जे नुसत्या पिसण्याने घडतं त्याला खात्री म्हणायची का?

आणि पत्त्यांचे क्रमांक तरी कुठे निसर्गाने दिलेत? सुरुवातीच्या हाताने रंगवलेल्या इटालियन पत्त्यांवर आकडेच नव्हते, आणि हुकमांचा क्रम शहरागणिक बदलत होता. फ्रान्समधल्या जुन्या मार्सेय पत्त्यांत ८ वर जस्टिस आणि ११ वर स्ट्रेंथ. आज बहुतेकांच्या हातात असतो तो संच १९०९ चा. पामेला कोलमन स्मिथने चित्रं काढली, आर्थर वेट यांनी आराखडा दिला. त्यात या दोन पत्त्यांची अदलाबदल आहे. ती का केली? आपल्या टॅरोवरच्या पुस्तकात वेट एवढंच लिहितात की माझं समाधान होईल अशा कारणांसाठी मी हे बदललं, आणि वाचकाला त्याने काही फरक पडत नसल्यामुळे खुलासा करण्याची गरज नाही. हे वाचून मी पुस्तक बाजूला ठेवलं. ज्याची बेरीज ८ येते त्याचा आयुष्यभराचा पत्ता एका माणसाने खुलासा न देता बदलला, आणि त्याच्या मते त्याने फरक पडत नाही! पत्त्यावरचा आकडा महत्त्वाचा नाही हे खुद्द संच तयार करणारा सांगतो, आणि आपण त्या आकड्यावर दवाखान्याच्या तारखा ठरवतो.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. अंक आणि टॅरो यांची सांगड या मेसेजवाल्याने घातलेली नाही. १८८८ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झालेल्या गोल्डन डॉन या गूढवादी मंडळात पत्ते, अंक, ग्रह, राशी आणि हिब्रू अक्षरं एकमेकांत पद्धतशीर गुंफली गेली होती, आणि वेट त्याच मंडळातले. म्हणजे परंपरा आहे, सव्वाशे वर्षांची तरी. चित्र समोर ठेवलं की माणसं मनातलं बोलू लागतात, हेही मी पाहिलं आहे. माझी एक मैत्रीण त्यासाठीच पत्ते वापरते आणि तिला त्याचा उपयोग होतो. तेवढं मला मंजूर आहे.

स्पेलिंगवर जास्त वेळ घालवत नाही. मीरा हे नाव घ्या. इंग्रजीत एक 'आय' घालून लिहिलं तर अक्षरांना अंक देणाऱ्या, पायथागोरसच्या नावाने चालणाऱ्या कोष्टकात त्याची बेरीज २३, म्हणजे ५. दोन 'ई' घालून लिहिलं तर २४, म्हणजे ६. किरो या हस्तरेषा पाहणाऱ्याच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या खाल्डियन कोष्टकात हीच दोन स्पेलिंगं ८ आणि १७ देतात. म्हणजे पत्ते अनुक्रमे हायरोफंट, लव्हर्स, स्ट्रेंथ, स्टार. मुलगी एक, हाक एक, आणि पत्ते चार. देवनागरीत तर ती तशीच राहते.

स्पंदनांबद्दल एकच प्रश्न: ४ या आकड्याची वारंवारता किती हर्ट्झ? ती मोजल्याशिवाय विज्ञानाचं नाव घेऊ नये. युंगने १९५२ मध्ये सिंक्रॉनिसिटीवर, म्हणजे अर्थपूर्ण वाटणाऱ्या योगायोगांवर, निबंध लिहिला, त्यात एक कल्पना मांडली. टॅरो किंवा अंकशास्त्र सिद्ध केलं असं त्यात काही नाही.

राहिला अनुभव. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांना 'तुमच्या चाचणीवरून काढलेलं स्वभाववर्णन' म्हणून एकेक कागद दिला आणि ते किती जुळतं याला ५ पैकी गुण द्यायला सांगितलं. सरासरी ४.२६ आली. सगळ्यांच्या कागदावर मजकूर एकच होता, बराचसा ज्योतिषाच्या एका पुस्तकातून उचललेला. 'अगदी माझंच वर्णन आहे' असं वाटणं खोटं नसतं. पण ते कागद कुणाचाही असला तरी वाटतं.

मावशीला हे सगळं कागदावर करून दाखवायला दोन संध्याकाळी लागल्या. कर्करोगाच्या आकड्यांनी ती नुसती घाबरली. १३ आणि २२ शेजारी शेजारी लिहिले तेव्हा मात्र गप्प झाली, आणि दुसऱ्या दिवशी म्हणाली, "तूच फोन कर." बायोप्सी झाली. गाठ साधी निघाली.

ते कळल्यावर मेसेज पाठवणाऱ्या तिच्या मैत्रिणीने लिहिलं, "बघ, थांबलीस म्हणून काही बिघडलं नाही." गाठ वाईट निघाली असती तर तिने काय लिहिलं असतं हेही मला ठाऊक आहे: तेराने आधीच सांगितलं होतं. ते तीन आठवडे मावशीला एक रात्र धड झोप लागली नव्हती. हे तिने रिपोर्ट हातात आल्यावर, रिक्षात बसल्यावर सांगितलं.