घशाला काही झालेलं नाही

परवापासून आमच्या पै-पाहुण्यांत मला घशाचा काहीतरी मोठा आजार झालाय अशी बातमी आहे. आत्याचा फोन येऊन गेला, कुपवाडच्या मावसभावानं न विचारता एका ईएनटीचा नंबर पाठवला, आणि आईला गणपतीच्या देवळात दोघीतिघींनी गाठून "डॉक्टर काय म्हणाले" असं हळू आवाजात विचारलं. मला काहीही झालेलं नाही. मी फक्त माईक घ्यायला गेलो होतो.

घरी गाणी रेकॉर्ड करतो मी, रॉक. मिरजेचा मित्र गिटारचे ट्रॅक पाठवतो, मी सांगलीत विश्रामबागेतल्या फ्लॅटमध्ये कपाटाची दारं उघडून, आईच्या साड्या आणि गोधड्यांकडे पाठ करून गातो. पाठच करायची, तोंड नाही. कार्डिऑइड माईकला त्याच्या मागचं कमी ऐकू येतं, त्याचं सगळं लक्ष गाणाऱ्याकडे आणि गाणाऱ्याच्या मागच्या भिंतीकडे, म्हणून गोधडी मागं पाहिजे. हे घरात कुणालाच पटत नाही, ते सोडा.

तर रॉकला डायनॅमिक प्रकारचाच माईक घे असं सगळे सांगतात. श्युअरचा एसएम५८, १९६६ पासून स्टेजवर मार खातोय तरी चालतोय, किंवा पैसे असतील तर एसएम७बी. कबूल. पण एसएम७बीला जवळजवळ ६० डेसिबल गेन लागतो, म्हणजे आवाज तेवढा वाढवून घ्यावा लागतो, आणि माझा छोटा इंटरफेस, माईक कॉम्प्युटरला जोडायचा डबा, तिथंवर नेला की आधी त्याचीच सूं सूं सुरू होते. शिवाय मला ती घशातली खरखर, ओळ सुरू व्हायच्या आधीचा श्वास, हे सगळं पाहिजे होतं, आणि ते कंडेन्सर प्रकारच्या माईकचा पातळ पडदा जसं पकडतो तसं डायनॅमिकची जड कॉइल पकडत नाही. आता तो कुकर, घंटागाडी, रेल्वेचा भोंगा आणि वरच्या मजल्यावरचा मिक्सरही तेवढ्याच प्रेमानं पकडतो, पण त्याला मी काय करू. बजेट वीस हजाराच्या आत. म्हणजे एटी२०२० नाहीतर रोडचा एनटी१-ए. माईकची स्वतःची सूं सूं, म्हणजे नॉइज, एटी२०२० ची २० डेसिबल, एनटी१-एची ५, कमी तेवढी बरी. कागदावर निकाल लागलेला होता, फक्त एकदा स्वतःच्या आवाजात ऐकायचा होता, कारण ऑनलाइन टेस्टवाले सगळे माईकसमोर कुजबुजतात. ओरडून कुणी दाखवत नाही.

एका दुकानात एनटी१-एचा एकच पीस निघाला. टेस्टिंगला हेडफोन मागितला तर मालक म्हणाले हेडफोन नाही, आणि माईक साउंड मिक्सरला लावून मिक्सर थेट दाराशी ठेवलेल्या पंधरा इंची स्पीकरला जोडला. मी म्हटलं स्पीकरचा आवाज परत माईकमध्ये शिरून शिट्टी मारेल, ते म्हणाले "तुम्ही म्हणा की". मी म्हटलं. आधी माईकनं शिट्टी मारली, मग मी वरचा सूर लावला, आणि रस्त्यावरची एक मोटरसायकल थांबली.

त्यावर मागं काका बसले होते. पांढरा सदरा, कपाळाला बुक्का, हळदीचं अडत दुकान, भजनी मंडळासाठी माईक बघायला आलेले. (हे सगळं नंतर कळलं. तेव्हा फक्त एवढंच दिसलं की एक माणूस उतरून मोबाईल वर धरून माझ्याकडे चालत येतोय.)

"काय वो, ह्यो काय म्हणायलाय?" त्यांनी मालकांना विचारलं.

"रॉक आहे."

"बरं. आणि दुखत न्हाई व्हय त्याला?"

मी म्हटलं, काका, हे मुद्दाम करतात. श्वास पोटातून द्यायचा, मग घशाला त्रास होत नाही, शिकावं लागतं हे.

"मुद्दाम कोण करतंय असं," काका म्हणाले, आणि मालकांकडे बघून, "लाजतंय पोरगं." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून एकदम मायेनं, "आ कर."

आता इथं कुणीही विचारेल की तू आ केलासच कशाला. तुमच्या वडिलांच्या वयाच्या, बुक्का लावलेल्या माणसानं भर दुकानात खांद्यावर हात ठेवून आ कर म्हटलं तर तुम्ही काय करता ते मला येऊन दाखवा. मी आ केलं. काकांनी मोबाईलची बॅटरी लावली आणि आत बघितलं. दुकानातला पोऱ्या सोल्डरिंग गन हातात तशीच धरून आला, त्यानंही बघितलं.

"पडजीभ खाली आलीया," काका म्हणाले.

"लालबी झालीया," पोऱ्या म्हणाला.

मी तोंड मिटून म्हटलं की आत्ताच ओरडलोय, लाल होणारच, आणि मला माईकचं बोलायचंय. पण काकांचा हात खिशात गेला होता. त्यातून सौद्यातल्या नमुन्याची दोन हळकुंडं निघाली, एक त्यांनी माझ्यादेखत मोडलं, आतला गर्द केशरी रंग आधी मालकांना मग मला दाखवला, दुसरं माझ्या शर्टाच्या खिशात घातलं. "राजापुरी हाय. भाजायचं, उगाळायचं आणि मधातनं चाटायचं. आणि हे वरडायचं आठ दिस बंद." सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, मला अभिमान आहे, पण शर्ट पांढरा होता.

इथं जरा राग येतोच. ह्या गावात १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी नाटक उभं केलं, तेव्हा माईक कुठं होते, नट मागच्या रांगेपर्यंत घसा ताणूनच बोलत असणार, त्यांना कुणी आ कर म्हटलं नसेल. पलीकडे मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावायला बसलेल्या कारागिरापुढे गिऱ्हाईक तासतासभर एकच तार छेडत बसतं, आणि सगळे आदरानं गप्प असतात. माईकसुद्धा वाद्यच आहे की. पण तो ऐकून घ्यायचा म्हटलं तर दुकानात हेडफोन नाही. आणि विसर्जनाला आमच्या खिडकीच्या काचा थडथड करतात, कपाटातली भांडी जागची हलतात, तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर फुलं आणि जोडलेले हात. मी रविवारी दुपारी बारा वाजता दारं-खिडक्या लावून, पंखा बंद करून, घामात भिजून तीन मिनिटं गायलो की सेक्रेटरींचा मेसेज, "बी विंगमध्ये कुणाला त्रास होत आहे का?" काळजी म्हणून विचारतात का तक्रार म्हणून, अजून कळलेलं नाही.

असो. दुकानात मी मालकांना म्हटलं, घेतो, शेवटचा भाव सांगा. ते कॅल्क्युलेटर काढून पुसत बसले. तेवढ्यात काकांनी माईक हातात घेऊन बघायला सुरुवात केली.

"ह्यो कुठला?"

"रोड," मालक म्हणाले.

"कुठला रोड?"

"कंपनी आहे काका. आत सोन्याचा मुलामा दिलेला पडदा आहे."

"किती ग्रॅम?"

"आणि फुटला तर ह्याच्या वरडण्यानं?" काकांनी मला विचारलं. मी म्हटलं १३७ डेसिबलपर्यंत घेतो तो, माणसाच्या घशानं नाही फुटत. हे मी सांगायला नको होतं असं आता मित्र म्हणतो, पण खरं ते खरं. काका गप्प झाले, विचार केला, आणि म्हणाले, "असल्या घशाचा आवाज जर एवढा निघतोय, तर आमच्या बुवांचा कसा निघंल. करा बिल."

मी अक्षरशः आडवा गेलो. म्हटलं काका, हा देवळात चालणार नाही, समोर स्पीकर, शेजारी टाळ, पखवाज, हा सगळ्यांचं ऐकणार आणि किंचाळणार, तुम्हाला साधा डायनॅमिक पाहिजे, निम्म्याहून कमी पैशात येतो. शिवाय ह्याला फँटम पॉवर लागते, म्हणजे माईक चालवायची वीज, ४८ व्होल्ट, ती माईकच्या केबलमधूनच जाते, ह्या मिक्सरला आहे, तुमच्या अँप्लिफायरला असायची नाही.

"देवळात थ्री फेज हाय," काका म्हणाले.

मी मालकांकडे बघितलं. त्यांना सगळं कळत होतं हो. मिक्सरवरचं ते ४८ व्होल्टचं बटण त्यांनी स्वतः माझ्यासमोर दाबलं होतं. पण मी डिस्काउंट मागत होतो आणि काका नोटा मोजत होते, त्यामुळे मालक बिलबुकातला कार्बन सरळ करत राहिले. मला म्हणाले, पुढचा पीस मागवतो, नंबर ठेवून जा. ठेवला.

आणि मोबाईल वर धरून घेतलेला तो व्हिडिओ. काकांनी तो संध्याकाळीच भजनी मंडळाच्या ग्रुपवर टाकला, खाली "या मुलासाठी कुणास उपाय माहीत असल्यास कळवावे". आत्या त्या ग्रुपवर आहे. आलेले उपाय तिनं मला पुढं पाठवलेत, ज्येष्ठमध, तुरटीच्या गुळण्या, एकानं तर दृष्ट काढायला सांगितलंय. गाणं कसं वाटलं हे कुणीच लिहिलेलं नाही.

आज सकाळी अनोळखी नंबरवरून फोन. दुकानातून मिळाला म्हणे. काकाच. सप्ताह उद्यापासून बसतोय आणि माईक मुका आहे, मंडळातल्या सगळ्यांनी फुंकून बघितलं. मी पुन्हा पहिल्यापासून समजावलं, फँटम पॉवर म्हणजे काय, ती इंटरफेसमधून कशी जाते, माझ्या घरच्या इंटरफेसला कशी आहे आणि त्यांच्या अँप्लिफायरला कशी नाही. त्यांनी मध्ये एकदाही न तोडता ऐकलं, त्यामुळे मला वाटलं पोचलं.

"बरं बरं," काका म्हणाले. "मग असं कर, सातला ये. आणि येताना ते ४८ व्होल्ट तेवढं घेऊन ये."